खान्देशातल्या गावात प्रतिपालक घर उभं करताना

आई-बाप गेलेलं मूल खान्देशात सहसा उघड्यावर पडत नाही. आजी ठेवून घेते, नाहीतर मामा नेतो, नाहीतर फुईकडे (आत्याकडे) वाढतं. म्हणून धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात काय किंवा चोपडा-यावलच्या पायथ्याला काय, ‘गावात अनाथ मुलं किती?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘आमच्याकडे कोणी नाही.’ तेच मूल दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाडीत बसलेलं असतं, कारण सांभाळणाऱ्या काकाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि गावात मागे कोणी राहत नाही. बाप दारूपायी गेला, आईने पाट लावला, नव्या घराने पोरं घेतली नाहीत, आजी आहे पण तिला दिसत नाही. आमच्यासमोर येणारी बहुतेक मुलं अशाच घरांतली असतात.

दुसरं घर शोधण्याआधी पहिलं घर का सुटतंय ते पाहावं लागतं. बाल न्याय अधिनियम २०१५ हेच सांगतो: मूल आधी आपल्या कुटुंबात, ते शक्य नसेल तर दुसऱ्या कुटुंबात, आणि संस्था अगदी शेवटी. केवळ गरिबी आहे म्हणून मूल घरातून काढायचं नसतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व, म्हणजे मूल आपल्याच घरात राहावं म्हणून मदत असते, त्यातून मुलामागे महिना ४,००० रुपये मिळतात. ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावं लागतं. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये आहेत. कोणती योजना लागू होते ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून मगच अर्ज भरावा, नाहीतर कागद महिनोन्महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतात. आजीचा मोतीबिंदू काढून आणणं, तिचं थकलेलं रेशन सुरू करून घेणं हेही आम्ही याच कामात धरतो. तेवढ्यावर कित्येक घरं सावरतात आणि मूल कुठेच हलवावं लागत नाही.

एवढं करूनही निभत नाही तेव्हा प्रतिपालकत्वाचा विचार. गावात याला लोक ‘दत्तकच ना?’ म्हणतात आणि इथेच पुढच्या निम्म्या अडचणींचं मूळ असतं. प्रतिपालकत्वात मुलाचं नाव, आडनाव, जात, बापाच्या जमिनीवरचा हक्क, काहीच बदलत नाही. मूल बाल कल्याण समितीच्या (कायद्याने मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीच्या) आदेशाने दुसऱ्या कुटुंबात राहतं, आणि जन्मदात्या आई-बापांपैकी कोणी असेल तर समितीने मनाई केली नसल्यास त्याला भेटता येतं. एक वर्षापर्यंतचं ते अल्पकालीन, त्यापुढचं दीर्घकालीन. दीर्घकालीन मुदत आढावा घेत घेत मूल १८ वर्षांचं होईपर्यंत वाढवता येते. समितीने दत्तकयोग्य ठरवलेलं मूल दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देता येत नाही, त्याने आधी दत्तकाच्याच वाटेने जायचं. २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लग्न न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते, मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. दोन वर्षं मूल नीट सांभाळल्यावर, ते दत्तकासाठी कायद्याने मोकळं असेल तर, त्याच कुटुंबाला दत्तकासाठीही अर्ज करता येतो.

स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेलं मूल हा वेगळाच धोका. ‘आम्ही आमच्या राजीखुशीने मूल देत आहोत’ असं नोटरी करून घेतलेले कागद लोक मोठ्या विश्वासाने दाखवतात. त्याला काही किंमत नाही. अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल कायद्याची रीत सोडून दत्तक देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा वेळी घरच्यांना धमकावत नाही. तो कागद बाजूला ठेवतो आणि मूल त्यांच्यासोबतच समितीपुढे नेतो.

कागदाची वाट अशी असते. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन येतो किंवा गाव बाल संरक्षण समितीकडून कळतं. असं मूल मिळाल्यापासून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यासमोरही चालतं, हे फार थोड्यांना माहीत असतं आणि त्यावाचून मूल उगाच पोलीस ठाण्यात ताटकळतं. समितीत अध्यक्ष आणि ४ सदस्य असतात. समितीने सांगितल्यावर १५ दिवसांत सामाजिक चौकशी अहवाल द्यायचा, आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम निर्णय व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. हे चार महिने वाया घालवायचे नसतात. कुटुंब शोधायला हाच वेळ असतो.

कुटुंब ग्रामसभेत विचारून मिळत नाही. चारचौघांत हात वर करणारा माणूस बहुधा चारचौघांसाठीच करतो. आम्ही आशाताईंना, अंगणवाडी सेविकेला, बचत गटाच्या सचिवाला आणि जिल्हा परिषदेच्या गुरुजींना एकच गोष्ट विचारतो: शेजारचं पोर जेवायच्या वेळी दारात आलं तर कोणत्या घरात त्याला विचारल्याशिवाय ताट वाढतात? तीन-चार नावं लगेच निघतात, आणि वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी तीच ती नावं येतात. त्यातून मुलाची शाळा बदलणार नाही असं घर आधी बघायचं. भाषेचंही बघायचं. पावरी बोलणारं सहा-सात वर्षांचं पोर अहिराणी घरात ठेवलं तर त्याला पोट दुखतंय हेसुद्धा सांगता येत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘पोऱ्या बोलतंच नहीं.’ भिलोरी, पावरी, तडवी, अहिराणी हा फरक शहरातून आलेल्या माणसाला बारीक वाटतो. मुलासाठी सगळं त्यावरच असतं.

गृहभेटी निरनिराळ्या वेळी करायच्या. एक कळवून. एक न कळवता दिवस मावळल्यावर, कारण दारू असेल तर तेव्हाच दिसते. एक कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळी. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हाताला वेग असतो, आणि ज्या घरची आपली पोरं त्या दिवसांत शाळेत नसतात त्या घरात आलेलं मूलही नसणार. पहिल्याच भेटीत पैशाचं विचारणारं कुटुंब वाईट नसतं, महिन्याचा हिशेब त्यांनी मांडलेला असतो एवढंच. ‘पोरगं बकऱ्या चारतं का, पाणी भरतं का?’ असं विचारणाऱ्या घरात मात्र आम्ही पुन्हा जात नाही.

घरात गेल्यावर मूल कुठे झोपणार ते बोट दाखवून विचारावं. ‘आमच्यातच झोपेल’ हे उत्तर पुरत नाही. कोणाच्या शेजारी, कोणत्या खोलीत, उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) झोपतात तेव्हा कोण कोण असतं, घरात ये-जा करणारा भाचा, सालदार, पाहुणा कोण? न्हाणीला दार आहे का, आणि आतून कडी लागते का? साडी बांधून आडोसा केलेला असेल तर आधी पत्र्याचं दार आणि कडी बसवून घ्यायची. मोठी पोरगी असेल तर ही कडी बसल्याशिवाय अहवाल पाठवत नाही. कोठीत धान्य किती आहे तेही बघायचं, कारण मुलाच्या सांभाळासाठी मिळणारं अनुदान वेळेवर येईलच असं धरून चालत नाही. सहा महिने पैसा आला नाही तरी ज्या घरात भाकरी सुटणार नाही तेच घर टिकतं. नवरा-बायकोशी वेगवेगळं बोलायचं, त्यांच्या मुलांशी त्याहून वेगळं. आणि सासूबाईंशी बोलल्याशिवाय उठायचं नाही. खान्देशातल्या घरात हा होकार बहुतेक वेळा तिचाच असतो. तिने ‘नको’ म्हटलेलं असताना सुनेच्या हौसेने आणलेलं मूल परत येतं.

मग पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, घरातल्या सगळ्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, गावातल्या दोघांची शिफारस, आधार, उत्पन्नाचा दाखला, हमीपत्र. हे एकामागे एक न करता एकदम सुरू करावं. पडताळणीलाच सगळ्यात वेळ लागतो.

मुलाला एकदम नेऊन सोडायचं नाही. आधी आठवडे बाजारात भेट, मग घरी जेवण, मग एक रात्र, मग दोन. शक्य असेल तर परीक्षा संपल्यावर, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास हे जमवतो. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, घर भरलेलं असतं, आंब्याचा रस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आणि मुलाला सगळं गणगोत एकदम बघायला मिळतं. पुढे शाळा उघडायला महिनाभर मिळतो. दिवाळीचा मुहूर्त आम्ही टाळतो. सण संपला की लगेच वेचणी आणि स्थलांतर सुरू होतं आणि नव्या मुलाकडे बघायला कोणाला सवड नसते. भावंडं असतील तर एकाच घरी द्यायची, कायद्यातही तेच आहे. ‘मोठा पोरगा आम्ही घेतो, लहानगी दुसऱ्याला द्या’ असं म्हणणाऱ्यांना नाही म्हणायचं.

पहिले दोन-तीन महिने मूल पाहुण्यासारखं वागतं आणि सगळे खूश असतात. खरा काळ त्यानंतरचा. भाकरी गोधडीत लपवून ठेवणं, रात्री अंथरूण ओलं होणं, दुकानातून पैसे मारणं, शाळेतून परस्पर आजीच्या पाड्यावर निघून जाणं, हे सगळं तेव्हा सुरू होतं. हे आधी, मूल घरी येण्यापूर्वी, कुटुंबाला सांगितलेलं असेल तर ते घाबरत नाहीत. लपवलेल्या भाकरीसाठी रागवायचं नाही. एक डबा देऊन टाकायचा, त्यात शेंगदाणे-गूळ नाहीतर दुपारची भाकरी, आणि तो डबा त्याचाच. काही आठवड्यांत डबा तसाच भरलेला राहायला लागतो. आजीकडे पळून जाणाऱ्याला अडवण्यापेक्षा ठरलेल्या दिवशी आपणच नेऊन आणावं.

शाळेचं काम दिसायला सोपं. शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मूल वयानुरूप वर्गात बसतं. अडचण प्रवेशाची नसते, नावाची असते. मायेपोटी प्रतिपालक बाप शाळेच्या रजिस्टरात स्वतःचं नाव, आडनाव लिहून मोकळा होतो; गुरुजीही भल्या मनाने लिहून घेतात. दहा वर्षांनी मूल बारावी होतं, जातीचा दाखला आणि पडताळणी लागते, आणि तिथे अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा रहिवास व घराण्याचा पुरावा मागतात. शाळेच्या दाखल्यावर एक बाप, वंशावळीत दुसरा. तिथे पोराचं वर्ष जातं. म्हणून प्रवेशाच्या दिवशी आम्ही शाळेत हजर असतो: मुलाचं नाव, जन्मदात्या बापाचं नाव, मूळ आडनाव, आणि पालक म्हणून प्रतिपालकाचं नाव, समितीच्या आदेशाची प्रत जोडून. याच सुमारास आई-बापाचा मृत्यू दाखला, आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गाव नमुन्यातली जुनी नोंद, जे मिळेल ते गोळा करून ठेवायचं. आजी जिवंत आहे तोवर कागद कुठल्या पत्र्याच्या पेटीत आहेत ते कळतं. ती गेली की पेटीही जाते.

जमिनीचंही त्याच वेळी. बापाच्या सातबाऱ्यावर मुलाची वारस म्हणून नोंद झाली पाहिजे. अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) लावून पालकाचं नाव येतं. तिथे काकाने स्वतःपुरती नोंद लावून घेतली की पुढे कोर्टाच्या पायऱ्या. सातपुड्यात बापाचा वनपट्टा असेल तर तो वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, हे नातेवाइकांना सगळ्यांसमोर सांगून ठेवलेलं बरं. रेशनचीही एक गाठ असते: मुलाचं नाव आजीच्या शिधापत्रिकेवर, मूल दुसऱ्या घरात. आजीचा शिधा तुटू नये आणि मुलाच्या वाट्याचंही निघावं, हे तहसीलच्या पुरवठा शाखेत बोलून मिटवावं लागतं.

तब्येतीत पहिली तपासणी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या आदिवासी पट्ट्यात ती न करता मूल कोणाकडे द्यायचंच नाही. पहिली विद्राव्यता चाचणी (रक्ताची प्राथमिक तपासणी) पॉझिटिव्ह आली की तिथे थांबायचं नाही. मूल वाहक आहे की रुग्ण ते पुढच्या तपासणीतच कळतं. रुग्ण असेल तर घरच्यांना शिकवायचं की हातपाय दुखतात म्हणून रडणारं मूल ढोंग करत नाही, पाणी सतत पाजायचं, मे महिन्याच्या ४४-४५ अंशांत दुपारी बाहेर पाठवायचं नाही, थंडीत गार पाण्याने अंघोळ घालायची नाही, आणि ताप आला तर भगताकडे रात्र न घालवता दवाखाना गाठायचा. आई किंवा बाप क्षयाने गेला असेल तर मुलाचीही क्षयाची तपासणी.

पैशाबद्दल एक ठाम मत आहे. अनुदान हे घराचं उत्पन्न होता कामा नये आणि घराला त्याची लाजही वाटू नये. मुलाचं खातं, पासबुक घरात, आणि एक साधी वही: कपडे, वह्या, औषध, दूध. अनुदान बहुधा थकून एकदम येतं. त्या दिवशी मोबाईल घेतला जातो. म्हणून थकबाकी येण्याआधीच तिचं काय करायचं ते वहीत लिहून ठेवायला सांगतो. आणखी एक प्रकार सर्रास होतो: मूल कागदावर प्रतिपालक घरात, प्रत्यक्षात आश्रमशाळेत, आणि घरी फक्त सुट्टीला. ते घर नव्हे. तशी वेळ आली तर समितीला सांगून आदेशच बदलून घ्यावा.

दर महिन्याला घराची तपासणी व्हायची असते. वही-सही तिथे होते, पण खरं कळतं शाळेच्या हजेरीपटात. कार्तिक ते पौष या महिन्यांतली हजेरी आधीच्या महिन्यांशी ताडून बघा. खाली गेलेली असेल तर मूल रानात आहे.

एका कुटुंबात देता येत नाहीत अशी मुलं उरतात: चार-पाच भावंडं, मोठी झालेली पोरं, आजारी मूल. त्यांच्यासाठी सामूहिक प्रतिपालकत्वाचं घर, ज्यात आठाहून जास्त मुलं नसावीत. हे गावठाणातच असावं, शेतात नको. शेतात बिगरशेती परवानगीचा प्रश्न येतो आणि मुलं गावापासून तुटतात. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासी व्यक्तीला किंवा संस्थेला घेता येत नाही, म्हणून आधी भाड्याचं घर घेऊन दोन वर्षं चालवून बघणं शहाणपणाचं. बांधायचंच तर चार-चार मुलांच्या १२ बाय १५ फुटांच्या दोन खोल्या, मधे सांभाळणाऱ्या जोडप्याची खोली, दोन संडास, दोन न्हाण्या, पुढे ओटा. पत्रे नकोत, मे महिन्यात आत बसवत नाही. स्लॅब ११ फुटांवर, वरून चुन्याचा पांढरा लेप दर उन्हाळ्याआधी. पाण्याचा हिशेब माणशी ५५ लिटर धरला तर दहा माणसांना दिवसाला साडेपाचशे लिटर लागतं, आणि उन्हाळ्यात नळ चौथ्या दिवशी येतो, म्हणून २,००० आणि १,००० लिटरच्या दोन टाक्या हव्यातच. घरावर पाटी लावायची नाही. मुलांची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे, आणि देणगीदाराचं नाव भिंतीवर असलेलं घर मुलांना कधी आपलं वाटत नाही. सगळ्यात अवघड म्हणजे सांभाळणारं जोडपं टिकवणं. त्यांना सुट्टी, आणि सुट्टीत येणारी बदली बाई मुलांच्या ओळखीचीच, एवढं केलं तरी पुष्कळ.

वर्षानुवर्षं न फिरकलेले नातेवाईक दोन वेळा हटकून येतात: जमिनीचा भाव वाढला की, आणि पोरगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की. देज (मुलीसाठी वराकडून घेतले जाणारे पैसे) घेऊन लग्न ठरवायचा हक्क आपला, असं काका सांगतो आणि प्रतिपालक कुटुंब दबतं, कारण ‘पोरगी तुमनी नहीं शे’ हे त्यांना ऐकवलं जातं. पोरगी बारा वर्षांची झाली की गाव बाल संरक्षण समितीत, सरपंच आणि पोलीस पाटलांसमोर, आदेश वाचून दाखवायचा. अठराच्या आत लग्न नाही आणि समितीच्या आदेशाशिवाय तिला या घरातून कोणी नेणार नाही, हे भांडण होण्याआधी सांगितलेलं उपयोगी पडतं.

घर मोडतंही. प्रतिपालक आई आजारी पडते, कर्ज होतं, ते कुटुंबच स्थलांतर करतं. प्रत्येक मुलामागे दुसरं तयार कुटुंब आधीच बघून ठेवावं, आणि मुलाची त्यांच्याशी सणावाराला ओळख असावी. मूल हलवताना समितीचा आदेश आधी, गाठोडं नंतर; आणि जुन्या घरच्यांनी त्याला स्वतः पोचवायला यावं, असा आग्रह धरतो. बहुतेक येतात.

सतरावं लागलं की फाईल काढायची. अनुरक्षण, म्हणजे अठरानंतर २१ वर्षांपर्यंतची मदत, कायद्याने संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे; आपल्या मुलाला ती मिळू शकते का ते आधीच विचारून अर्ज द्यावा. आई-बाप दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्र, त्यावर शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. जातीचा दाखला आणि पडताळणी, अज्ञानाचं बँक खातं सज्ञानाचं करून घेणं, स्वतःची शिधापत्रिका, मतदार नोंद. आणि वयाचा पुरावा देऊन तलाठ्याकडे अर्ज, सातबाऱ्यावरचं ‘अ.पा.क.’ कमी करण्यासाठी. या अर्जाला फेरफार क्रमांक पडेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.